अंधारात चमकणारे काटे

आमच्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडून बाजाराच्या रस्त्याने थोडे चालले, म्हणजे उजव्या हातास एक लहानसे दुकान लागते. त्यावर ‘रेडियम आर्ट’ अशी पाटी आहे. दुचाकीच्या क्रमांकपट्टीवरील आकडे, रिक्षाच्या पाठीवरील वाघ, मालमोटारीवरील ‘आईचा आशीर्वाद’, हे सर्व तेथे कापून चिकटवून मिळते. त्या चकचकीत कागदास आपण सगळेच रेडियम म्हणतो. निजण्याच्या खोलीत छतास डकविलेल्या चांदण्या रेडियमच्या, गजराच्या घड्याळाचे हिरवट काटे रेडियमचे. आणि आमच्या समाजातील पुष्कळ घरांत उशाशी असलेला, दिवा मालविल्यावर मंद हिरवा दिसणारा तो प्लॅस्टिकचा लहानसा क्रूस, तोही रेडियमचाच.

वस्तुतः आज बाजारात मिळणाऱ्या ह्या वस्तूंत रेडियमचा कणसुद्धा नसतो. क्रमांकपट्टीचा कागद स्वतः मुळीच प्रकाशत नाही. त्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी बसविलेले असतात, व ते समोरून आलेला दिव्याचा झोत आल्या वाटेने परत धाडतात. चांदण्यांतील व क्रुसातील द्रव्य उजेडात असताना प्रकाश साठविते आणि अंधारात तो हळूहळू सोडते. दोन्ही निरुपद्रवी आहेत. पालकांनी चिंता करू नये. वस्तू नाहीशी होऊन तिचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहावे, असे भाषेत कधी कधी घडते, आणि ‘रेडियम’ हा शब्द आपल्याकडे तसाच राहिला आहे. किती निर्मळ व आनंदी शब्द आहे तो! लहान मूल तो उच्चारते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे चांदण्या येतात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील काही मुलींच्या डोळ्यांपुढेही ह्या शब्दाने असेच काही सुंदर येत असे. त्या मुलींची हकीकत येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास निमित्त झाले एक जुने घड्याळ.

गेल्या वर्षी आमच्या विज्ञान मंडळात प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एखादी जुनी वस्तू आणून तिची माहिती सांगावी, असे ठरले होते. नववीतील एका मुलाने पणजोबांचे मनगटी घड्याळ आणले. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, तेव्हाचे ते घड्याळ. काळी तबकडी, तिच्यावर तपकिरी पडलेले जाड आकडे, आणि तसेच तपकिरी काटे. मुलगा म्हणाला, “सर, आजी सांगते की तिच्या लहानपणी हे रात्रभर चमकायचे. आता चमकत नाही. ह्याचा सेल संपला असेल का?” मुले हसली, कारण घड्याळ किल्लीचे होते. आम्हांस मात्र हसू आले नाही. घड्याळ घरी कोठे ठेवतोस, असे आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, “माझ्या उशीखाली.”

पुढील आठवड्यात एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात आम्ही त्यास घेऊन गेलो. किरणोत्सार मोजण्याचे गायगर यंत्र तेथे होते. यंत्र नुसते टेबलावर होते तेव्हा ते थांबून थांबून एखादा टक्‌ असा आवाज करीत होते. घड्याळ जवळ नेताच तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. मुलगा घड्याळाकडे पाहतच राहिला. परत येताना बराच वेळ तो बोलला नाही. मग त्याने विचारले, “म्हणजे हे वाईट आहे का, सर?”

त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

सन १८९८ च्या डिसेंबरच्या २६ तारखेस, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिस येथील विज्ञान अकादमीपुढे एका नव्या मूलद्रव्याची वार्ता वाचण्यात आली. मेरी क्यूरी व तिचा पती प्येर क्यूरी ह्यांनी ते शोधिले होते, आणि त्यास रेडियम हे नाव दिले होते. बोहेमियातील योआखिमस्टालच्या खाणीतून निघणाऱ्या पिचब्लेंड नामक काळ्या खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला गाळ ह्या दांपत्याने पोत्यापोत्यांनी मागविला. गळक्या छपराच्या एका पडवीत मेरीबाई तो गाळ मोठ्या भांड्यांत उकळीत, जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्याने ढवळीत. असे करिता करिता सन १९०२ मध्ये त्यांच्या हाती एक ग्रॅमचा केवळ दहावा भाग शुद्ध रेडियम क्लोराइड आले. कित्येक टन गाळातून चिमूटभरही नाही!

रात्री जेवण झाल्यावर हे पतिपत्नी पुष्कळदा त्या पडवीकडे फेरी मारीत. दिवा लावीत नसत. फळ्यांवर मांडलेल्या कुप्या व बश्या काळोखात निळसर उजेडाने तेवत असत, आणि दोघे ते पाहत उभे राहत. मेरीबाईने पुढे आपल्या आठवणींत ह्या रात्रींचा फार प्रेमाने उल्लेख केला आहे. विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. श्रमाने थकलेली दोन माणसे स्वतः शोधलेला प्रकाश पाहत आहेत. ह्या दृश्यात काळिमा कोठे आहे? कोठेच नाही. आणि तरीही त्या कुप्यांतून जे बाहेर पडत होते, ते त्या दोघांच्या शरीरांत शिरत होते.

हे फार काळ गुप्त राहिले असेही नाही. आंरी बेकेरेल ह्या शास्त्रज्ञाने रेडियमची एक लहान नळी अंगरख्याच्या खिशात वागविली, तेव्हा त्याखालील कातडी भाजल्यासारखी झाली. प्येर क्यूरी ह्यांनी मुद्दाम आपल्या दंडावर रेडियम बांधून तसाच व्रण करून घेतला, आणि १९०१ मध्ये दोघांनी मिळून ह्याविषयी लेख प्रसिद्ध केला. हे वर्ष विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. रेडियम जिवंत पेशी मारते हे १९०१ पासून छापील होते. ह्याच गुणामुळे वैद्यांनी ते कर्करोगाच्या गाठींवर योजिले, व त्यापासून पुष्कळांस गुणही आला.

परंतु बाजारास व्रणांशी कर्तव्य नव्हते. त्यास तो उजेड हवा होता. सेबिन फॉन सोखॉकी नावाच्या एका वैद्याने अमेरिकेत अंधारात चमकणारा रंग तयार केला. त्याची कृती सोपी आहे. झिंक सल्फाइड हे जस्त व गंधक ह्यांचे संयुग असते. त्याच्या भुकटीत रेडियमचा अत्यल्प अंश मिसळावयाचा. रेडियममधून सतत सुटणारे कण त्या भुकटीच्या स्फटिकांवर आदळतात, आणि प्रत्येक आघाताबरोबर एक सूक्ष्म ठिणगी चमकते. अशा कोट्यवधी ठिणग्यांचा मिळून तो अखंड हिरवट प्रकाश होतो. त्यास सूर्य लागत नाही, दिवा लागत नाही. भुकटी डिंकाच्या पाण्यात कालविली की रंग सिद्ध झाला. ह्या रंगास व्यापारी नाव दिले होते ‘अनडार्क’. ज्यात अंधार नाही ते, असा त्याचा आपल्या भाषेत अर्थ करावा लागेल.

सन १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. खंदकातील शिपायास रात्री काडी न ओढता वेळ पाहता यावी, म्हणून चमकत्या तबकड्यांची मागणी एकदम वाढली. न्यू जर्सी प्रांतातील ऑरेंज ह्या गावी कारखाना निघाला, आणि शेकडो मुली तेथे तबकड्या रंगविण्याच्या कामास लागल्या. बहुतेकींचे वय विशीच्या आतबाहेर, काही तर १४-१५ वर्षांच्या. काम स्वच्छ, बसून करावयाचे, आणि वेतन इतर कारखान्यांहून चांगले. एकेक मुलगी दिवसास अडीचशेच्या आसपास तबकड्या रंगवी. एका बहिणीने दुसरीस आणावे, मैत्रिणीने मैत्रिणीस आणावे, अशी त्या कामाची ओढ होती.

आकडे बारीक, कुंचला उंटाच्या केसांचा. चार फटकारे मारले की त्याचे टोक पसरते. ते पुन्हा अणकुचीदार करावयाचे कसे? पाण्यात बुडवावे, तर मोलाचे रेडियम पाण्यात जाणार. त्या काळी एका ग्रॅमची किंमत लाख डॉलरांच्या वर होती. फडक्यास पुसावे, तर फडक्यास लागणार. म्हणून मुलींस शिकविण्यात आले की कुंचला ओठांत धरावा, टोक करावे, रंगात बुडवावा आणि रंगवावे. प्रत्येक आकड्यागणिक पुन्हा तेच. काही मुलींनी, ह्याने काही अपाय तर नाही ना, असे विचारिलेही. नाही, असे उत्तर मिळाले. उलट रेडियमने गालांवर लाली चढते, असेही त्यांस सांगण्यात येई. कारण त्या काळी रेडियम हे प्रकृतीस हितकर मानून लोक ते पाण्यात घालून विकत घेऊन पीत असत.

भुकटी हवेत उडे, केसांत बसे, कपड्यांवर बसे. सायंकाळी घरी जाताना ह्या मुली रस्त्यावरून चमकत जात. कोणी नखांस तो रंग लावी; कोणी गमतीने दातांस लावून अंधारात हसून दाखवी. शनिवारी नृत्यास जावयाचे असेल, तर काही मुली चांगला झगा घालूनच कामावर येत, की त्यावर भुकटी बसून रात्री तो झळकावा. ग्रेस फ्रायर ही १९१७ मध्ये लागली तेव्हा १८ वर्षांची होती. नाक शिंकरले की आपला रुमाल अंधारात चमकत असे, असे तिने पुढे सांगितले आहे.

ह्या नटण्यास कोणी नावे ठेवू नयेत. आमच्या वर्गातील मुलींच्या हाती तसा रंग आला असता, तर त्यांनी दुसरे काय केले असते? आणि खरे सांगावयाचे, तर आम्ही तरी काय केले असते?

त्याच इमारतीत दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा होती. तेथील रसायनज्ञ रेडियम हाताळताना शिशाचे पडदे मध्ये ठेवीत, तोंडावर आच्छादन बांधीत आणि नळ्या चिमट्याने उचलीत. त्यांस ठाऊक होते. एकदा सोखॉकी स्वतः ग्रेसच्या जवळून जात असता तिला कुंचला तोंडात घालताना पाहून म्हणाले की, असे करू नकोस, आजारी पडशील. तिने आपल्या वरच्या बाईस विचारिले. त्या बाईने, काही होत नाही, असे सांगितले. सोखॉकी पुढे गेले, आणि मुली पूर्ववत रंगवू लागल्या.

पवित्र शास्त्रात एदेन बागेची जी कथा आपण बालपणापासून ऐकितो, तीतही एक डोळ्यांस सुखविणारे फळ आहे व ते खाण्याचा परिणाम मरण आहे. म्हणून काही उपदेशक अशा हकीकतींस त्या कथेचा दाखला जोडतात. आम्हांस तो दाखला येथे लागू पडतो असे वाटत नाही. त्या बागेत आज्ञा आधी झाली होती. कोणते झाड, आणि खाल्ल्यास काय होईल, हे स्पष्ट सांगितलेले होते. ऑरेंज गावी झाड कोणते हे जाणणारे लोक भिंतीपलीकडे बसले होते, आणि मुलींस ते फळ कामाचा भाग म्हणून दिवसातून शेकडो वेळा जिभेवर ठेवावयास लाविले जात होते.

आता शरीरात काय होते ते पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यांनी आवर्तसारणी उघडून दुसरा गण पाहावा. मॅग्नेशियमखाली कॅल्शियम, त्याखाली स्ट्राँशियम, मग बेरियम, आणि तळाशी रेडियम. एका गणातील मूलद्रव्यांचे रासायनिक वर्तन सारखे असते. आपले शरीर कॅल्शियम हाडांत नेऊन साठविते. पोटात गेलेल्या रेडियमचा पुष्कळसा भाग बाहेर पडून जातो; पण जो रक्तात शिरतो, त्यास शरीर कॅल्शियमचा भाऊबंद समजून हाडांत घेऊन जाते व तेथे जपून ठेविते. रेडियममधून मुख्यतः जे आल्फा कण निघतात, ते बाहेरून आले असता आपल्या कातडीचा वरचा थरही ओलांडू शकत नाहीत; कागदाचा एक कपटा त्यांस अडवितो. तेच कण हाडाच्या आतून सुटू लागले, म्हणजे शेजारच्या जिवंत पेशींवर आणि रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेवर अहोरात्र मारा करितात. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. म्हणजे त्या मुलींच्या अस्थींत जे बसले, त्यातील निम्मे सन ३५०० मध्येही शिल्लक असेल.

पहिली गेली ती मॉली मॅजिया. ती व तिच्या बहिणी ह्याच कामावर होत्या. १९२१ मध्ये तिचा एक दात दुखू लागला. तो काढला, जखम भरेना. मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. पुढे दंतवैद्याने तपासण्यासाठी जबड्यास हळूच बोट लाविले, तो हाडाचा तुकडाच त्याच्या हाती आला. १९२२ च्या सप्टेंबरच्या १२ तारखेस ती वारली. वय २४ वर्षे.

आणि आता ह्या हकीकतीतील जो भाग आम्हांस सर्वांत जड वाटतो, तो. तिच्या मृत्यूचे कारण म्हणून कागदावर उपदंशाचे नाव लिहिले गेले, म्हणजे अनीतीच्या वर्तनाने जडतो असे लोक ज्यास मानतात तो रोग. बाकीच्या मुली आजारी पडून तक्रार करू लागल्या, तेव्हा कारखान्याच्या बाजूने ह्याच कागदाकडे बोट दाखविण्यात आले. जी मुलगी झग्यावर चांदणे पाडून घेऊन नाचावयास जात असे, तिच्या थडग्यावर पाच वर्षे हा डाग राहिला. तिच्या बहिणींस तो घेऊन त्याच गावात वावरावे लागले. शेवटी १९२७ च्या ऑक्टोबरात तिची शवपेटी उकरून अस्थींची परीक्षा झाली. उपदंशाचे चिन्ह कोठेही नव्हते. हाडे छायाचित्राच्या कोऱ्या फिल्मेवर ठेविली असता, अंधारात त्यांनी आपली आकृती आपणच उमटविली. रेडियमने तिचा प्राण घेतला होता, आणि रेडियमनेच तिच्या वतीने साक्ष दिली.

मधल्या काळात काय काय झाले, ते थोडक्यात सांगतो. सेसिल ड्रिंकर ह्या हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये कारखान्याची पाहणी करून तेथील भुकटी धोक्याची असल्याचा अहवाल दिला. कारखान्याने तो दडपून, सर्व मुली उत्तम प्रकृतीच्या आहेत, असे सरकारास कळविले. ग्रेसला तपासावयास एक गृहस्थ आले, त्यांनी तिची प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगितले. ते वैद्य नव्हतेच, आणि त्यांचे वेतन कारखाना देत होता, हे मागाहून उघड झाले. सन्मान्य अपवाद डॉक्टर हॅरिसन मार्टलंड ह्यांचा. ह्यांनी १९२५ मध्ये आजारी मुलींच्या श्वासात व हाडांत किरणोत्सार आहे हे प्रयोगाने सिद्ध केले. ज्या सोखॉकींनी रंग शोधिला, त्यांनीच ह्या कामी मार्टलंड ह्यांस साह्य केले. त्यांचा स्वतःचा श्वासही किरणोत्सारी निघाला. १९२८ मध्ये तेही ह्याच विषाने गेले.

वकील शोधण्यातच ग्रेसची दोन वर्षे गेली. प्रकरण हाती घेण्यास कोणी धजेना. शिवाय कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत दावा लावावयास हवा होता, आणि हे विष तर कामावरून निघाल्यानंतर कित्येक वर्षांनी डोके वर काढते! अखेर रेमंड बेरी ह्या तरुण वकिलाने १९२७ मध्ये दावा लाविला. ग्रेससह पाच जणी होत्या, त्यांत मॉलीच्या दोन बहिणी. १९२८ च्या जानेवारीत त्या न्यायालयात आल्या, तेव्हा शपथ घेण्यासाठी हात उचलणेही त्यांस जमेना. ग्रेसच्या कण्यास आधार देणारा पोलादी साचा होता. साक्षीदार उन्हाळ्यात परदेशी जाणार, ह्या सबबीवर पुढील सुनावणी सप्टेंबरावर ढकलली गेली. ह्या बायका तोवर जगतील की नाही, ह्याचा भरवसा नव्हता. वृत्तपत्रांनी गदारोळ केला, तेव्हा जूनमध्ये तडजोड झाली : प्रत्येकीस दहा हजार डॉलर रोख, वर्षास सहाशे डॉलर, व औषधपाण्याचा खर्च. वर्षासन काहींस फार दिवस मिळाले नाही. क्विंटा १९२९ मध्ये गेली. ग्रेस व तिची मैत्रीण कॅथरिन शॉब १९३३ मध्ये.

इलिनॉय प्रांतातील ओटावा गावी अशाच दुसऱ्या कारखान्याच्या मुलींनी हे वाचले आणि घाबरून चौकशी केली. आमचा रंग निराळा व निर्धोक आहे, अशी जाहिरात त्या कारखान्याने वृत्तपत्रात दिली. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, कॅथरिन डोनह्यू हिने आपल्या घरी कोचावर पडल्या पडल्या साक्ष दिली. निकाल तिच्या बाजूने लागला, आणि त्याच जुलैत ती वारली. कारखान्याची अपिले थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली व १९३९ मध्ये तेथे संपली. शरीरात रेडियम किती असल्यास धोका, ह्याची पहिली मर्यादा १९४१ मध्ये अमेरिकेत ठरली, ती ह्याच मुलींच्या शरीरांच्या परीक्षणावरून. जिवंत राहिलेल्या कित्येक जणींनी पुढे अनेक वर्षे स्वखुशीने आपली तपासणी करू दिली.

मेरी क्यूरीचा अंत १९३४ मध्ये रक्त निर्माण करणारी मज्जा निकामी होऊन झाला. तिच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या पेट्यांत ठेविल्या आहेत. पाने दिसावयास साध्या वह्यांसारखीच आहेत. त्यांवरील हस्ताक्षर सुबक आहे.

आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. घड्याळ चमकत का नाही? त्याने सेलची कल्पना काढली, ती आम्हांस मागाहून फार मार्मिक वाटली, फक्त ती उलट करावयास हवी. रेडियम हा सेल आणि झिंक सल्फाइड हा दिवा, असे समजा. ऐंशी वर्षांत ह्या सेलची शक्ती शंभरात तीनचार भागच कमी झाली आहे. अखंड आघातांनी स्फटिक मात्र मोडून गेले, म्हणजे दिवा जळून गेला. जुन्या तबकडीवर जी शोभा होती ती गेली आहे, आणि जे विष होते ते जवळजवळ सगळे आहे. ती निस्तेज दिसते, म्हणून निरुपद्रवी झाली असे कोणी मानू नये. रेडियमचा रंग १९६० नंतरच्या काळात घड्याळांतून क्रमाने हद्दपार झाला. त्यापूर्वीचे, तपकिरी आकड्यांचे, सैनिकी किंवा गजराचे घड्याळ आपल्या घरी असल्यास पुढील गोष्टी पालकांनी अवश्य पाळाव्यात. त्याची काच व मागचे झाकण उघडू नये. आकड्यांवरील रंग खरवडू नये, कारण त्याची भुकटी श्वासाबरोबर आत जाणे हाच खरा धोका. अंगावर वा उशापाशी नित्य ठेवू नये. दुरुस्तीस द्यावयाचे झाल्यास कारागिरास आधी सांगावे. काच फुटलेली असल्यास लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. बंद घड्याळ कपाटात दूर ठेविले असता भिण्याचे फारसे कारण नाही.

दुसरा प्रश्न, घड्याळ वाईट आहे का, हा अधिक अवघड. आम्ही त्या मुलास ही सारी हकीकत सांगितली. त्याने मध्ये एकच विचारले : “पणजोबांच्या घड्याळाचे आकडेपण कोणीतरी असेच तोंडात कुंचला घालून काढले असतील का?” घड्याळ कोणत्या देशात व कोणाच्या हातून रंगले, हे आम्हांस ठाऊक नव्हते, व तसे आम्ही त्यास सांगितले. ओटावा गावी २०११ मध्ये ह्या मुलींचा एक पुतळा उभारण्यात आला, त्याचे चित्र आम्ही त्यास दाखविले. कामाच्या साध्या वेषातील एक मुलगी, एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात ट्यूलिपचे फूल. आठवीत शिकणाऱ्या एका मुलीने ही हकीकत वाचली आणि ह्यांचे स्मारक कोठेच कसे नाही, असे विचारून खटपट सुरू केली, तेव्हा तो झाला. आमचा विद्यार्थी चित्र बराच वेळ पाहत होता. ती आपल्याहून एका इयत्तेने लहान होती, हे त्याच्या लक्षात आले असावे.

घड्याळ त्याने टाकून दिले नाही. आजीने ते टाकू दिलेही नसते. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात कापूस घालून ते ठेविले आहे, आणि डबा वापरात नसलेल्या खोलीत, वरच्या फळीवर आहे. झाकणावर त्याने मोठ्या अक्षरांत कागद चिकटविला : ‘उघडू नये. आत रेडियम आहे.’ आजीने तो वाचून घेतला. पणजोबांचे नाव त्यावर नाही, अशी तिची तक्रार होती; म्हणून खाली आणखी एक ओळ लिहून घेतली, आणि ती लिहिताना अक्षर चांगले काढ, असे त्यास दोनदा बजाविले.